तीन गुंठ्यांची परसबाग आणि एक कडू दुधी: गावठी वाण निवडण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण कराडच्या पंचक्रोशीतल्या एका घराचं आहे. माणसं ओळखू येतील अशा खुणा बदलल्या आहेत. गावठी बियाणं हौसेनं आणणारी घरं आता बरीच दिसतात. पण कुठलं वाण आपल्याकडे टिकेल आणि कुठलं टिकणार नाही, याचा विचार बी मातीत पडल्यावर सुरू होतो. या घरातही तसंच झालं. त्यांनी वेळीच थांबून निवड नव्यानं केली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

## पार्श्वभूमी

घरात नवरा-बायको दोघंच. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात; त्यांच्या पत्नीला इथं बाई म्हणतो. लेक पुण्यात नोकरीला. घरामागे तीन गुंठे मोकळी जागा, म्हणजे सुमारे सव्वातीन हजार चौरस फूट. माती काळी, पाणी घरच्या बोअरचं, उन्हाळ्यात कमी होणारं. एका कोपऱ्यात नारळ आणि कढीपत्ता आधीपासून होता. बाकी जागेत दर पावसाळ्यात बाई मेथी, शेपू आणि चार मिरचीची रोपं लावत.

राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, तेव्हा लेकीनं आईला त्यांच्याविषयीच्या बातम्या वाचून दाखवल्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाईंनी घरच्या घरी जपलेल्या बियाण्यांची बँक बघून बाईंच्या मनानं घेतलं. पुढं एका कृषी प्रदर्शनातून लेकीनं 'देशी बियाणे' असं लिहिलेला पुड्यांचा संच आणला. त्यात वीसेक पुड्या होत्या: लांब दुधी, गोल दुधी, दोडका, घोसाळं, काकडी, तवसं, वाल, तीन रंगांची वांगी, दोन प्रकारचे टोमॅटो, भेंडी, मुळा, गाजर, कोबी आणि बरंच काही. पुडीवर पिकाचं नाव होतं. बी कुठल्या गावचं, कुठल्या महिन्यात टाकायचं, कधी धरलेलं, यातलं काहीच नव्हतं.

गावठाणातल्या जुन्या घरात बाईंच्या थोरल्या जाऊ राहतात. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांच्याकडे राखेत ठेवलेल्या बियांचे पत्र्याचे डबे होते, हे बाईंना माहीत होतं. पण वाटणीनंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं कमी झालेलं. त्यामुळे पहिल्या वर्षी अक्कांना कुणी काही विचारलंच नाही. पुढच्या बऱ्याच अडचणींची मुळं इथं आहेत असं मला वाटतं.

## अडचण कशी वाढत गेली

पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीतच, वाल लावला. वेल मांडवभर पसरला, पानं हिरवीगार, फूल मात्र एकही नाही. शेणखत घातलं, पाणी वाढवलं, शेंडे खुडले. मे गेला, मृग बरसला, तरी शेंग नाही. मांडवाची सगळ्यात चांगली जागा त्या वेलानं अडवून ठेवली.

मृगात बाकीच्या पुड्या टाकल्या. टोमॅटोच्या एका पुडीतलं बी उगवलंच नाही. भेंडी जोमानं आली, पण पानांच्या शिरा पिवळ्या पडत गेल्या, शेंगाही पिवळट झाल्या. हा पांढऱ्या माशीतून पसरणारा केवडा, म्हणजे शिरा पिवळ्या पडण्याचा विषाणूजन्य रोग. एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. कोबीनं पानं केली, गड्डा धरला नाही. वांगी चांगली लागली. दोन्ही दुधी तर शेजाऱ्यांना वाटण्याइतके आले. बाईंनी लांब दुधीचं एक मोठं फळ वेलावरच बियाला राखलं, वाळवलं आणि बी काढून ठेवलं. बी धरायला आपण शिकलो, या समाधानात ते वर्ष संपलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात घरच्या बियाचे दुधी लावले. गुरुजींना सकाळी दुधीचा रस घ्यायची सवय होती. एका सकाळी रस कडू लागला. कडू आहे म्हणजे औषधीच असणार, असं म्हणून त्यांनी चार घोट घेतले. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, मग पोटात कळा. त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी ते बरे होऊन घरी आले. वेळ बरी होती म्हणायची. कडू दुधीतल्या कुकुर्बिटासिन या द्रव्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. असा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावलीही आहेत. शिजवल्यानं हे विष जाईल असं धरून चालू नये.

घरी परतल्यावर गुरुजींचं पहिलं वाक्य होतं, "उपटा ते सगळं, आणि दुकानातलं संकरित आणा." याच टप्प्यावर लेकीनं मला बोलावलं.

## कडूपणा आला कुठून

आधी बागेत आणि मग बागेबाहेर हिंडलो. तीन वेलांपैकी एकाचीच फळं कडू होती. दोन घरं पलीकडे, गोठ्याच्या कुडावर, एक भोपळ्याचा वेल होता. तिथले आबा भजनी. एकतारीसाठी आणि मंडळाच्या वीण्यासाठी ते दरवर्षी कडू भोपळा लावतात. त्या वेलाचं बी त्यांच्या वडिलांपासूनचं.

दुधी आणि हा कडू भोपळा एकाच जातीचे. दोघांची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, आणि तिन्हीसांजेला येणारे पतंग व इतर कीटक एका फुलावरून दुसऱ्यावर जातात. पहिल्या वर्षी आबांच्या वेलाचे परागकण बाईंच्या दुधीच्या मादी फुलावर पडले. त्या वर्षीचं फळ गोडच राहिलं, कारण फळाचा गर आईवेलाचा असतो. संकर झाला तो आतल्या बियांत, आणि त्या बियांतून उगवलेल्या एका वेलानं पुढच्या वर्षी कडूपणा दाखवला. परसबागेत बी धरणाऱ्यांची सर्वात जास्त फसगत इथं होते. या वर्षीच्या फळाची चव बघून पुढच्या वर्षीचं बी शुद्ध आहे असं समजता येत नाही.

दुधी, दोडका आणि कारलं शेजारी लावले की चव बिघडते, अशीही समजूत गावात होती. त्यात तथ्य नाही. ही वेगवेगळी पिकं आहेत, त्यांचा आपसांत संकर होत नाही. धोका असतो एकाच पिकाच्या दोन वाणांत: लांब दुधी आणि गोल दुधी, काकडी आणि तवसं. दोडका आणि घोसाळं ही जवळची भावंडं, पण दोडका संध्याकाळी उमलतो आणि घोसाळं पहाटे, त्यामुळे तिथं धोका बराच कमी.

## समोर असलेले पर्याय

गुरुजींचा पर्याय सरळ होता: संकरित बियाणं विकत आणायचं. उत्पन्न भरपूर, फळं एकसारखी, कडूपणाची भीती जवळपास नाही. पण त्या बियापासून पुढच्या वर्षी तसंच झाड मिळत नाही, दर हंगामाला दुकान गाठावं लागतं. बाईंना हे नको होतं. "वांगं बाजारात मिळतंच की. मला आईच्या हातचं वांगं पाहिजे," असं त्या म्हणाल्या. माझ्या मते, ज्याला भाजीपुरती भाजी हवी आहे त्यानं संकरित बी लावण्यात काही गैर नाही. या घराची गरज वेगळी होती, एवढंच.

लेकीचा कल दुसऱ्या टोकाला होता. अजून दुर्मीळ वाणं गोळा करायची, लहान का होईना पण घरची बियाणं बँक करायची. इच्छा चांगली होती, जागा अपुरी होती. वेलभाज्यांचं प्रमाणित बियाणं घेताना दोन वाणांत ५०० मीटर अंतर ठेवतात, वांग्याला १०० मीटर, टोमॅटोला २५ मीटर. तीन गुंठे म्हणजे एका बाजूला साधारण सतरा-अठरा मीटर. एवढ्या जागेत तीन रंगांची वांगी आणि दोन प्रकारचे दुधी लावून प्रत्येकाचं बी वेगळं राखणं, रोज हातानं परागीकरण केल्याशिवाय किंवा जाळी घातल्याशिवाय शक्य नाही.

तिसरा मार्ग निघाला तो प्रश्न बदलल्यावर. दुर्मीळ काय आहे, हे विचारण्याऐवजी आपल्याला सांभाळता काय येईल, हे विचारायचं ठरलं. गुरुजींनी वही काढली आणि प्रत्येक पिकापुढे लिहीत गेले. घरात ते महिन्यातून किती वेळा शिजतं? बी कुठल्या हवेतलं आहे? त्याचा संकर किती सहज होतो? बी धरायला जागा किती महिने अडते? वहीची दोन पानं भरली तोवर अर्ध्या पुड्या आपोआप बाजूला पडल्या.

## निवड

कोबी आणि गाजर पहिल्यांदा गेले. उशिराचा कोबी आणि विलायती गाजर बियावर यायला जी थंडी लागते ती कराडला मिळत नाही. खायचे असतील तर विकतच्या बियाचे लावा, जपायच्या यादीत नकोत.

वालाचा उलगडा अक्कांनी केला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाई मुद्दाम जुन्या घरी गेल्या आणि वेल फुलत नसल्याचं बोलल्या. अक्का म्हणाल्या, "आगं, वाल काय खतानं फुलत न्हाई. दिवाळीचा गारठा पडू दे, मग बघ." त्यांचं म्हणणं अनुभवाचं आणि अगदी बरोबर. जुने वेली वाल दिवस लहान झाल्यावरच फुलतात. फेब्रुवारीत लावा नाहीतर जुलैत, शेंग दिवाळीच्या सुमारासच. बुटके, कुठल्याही हंगामात फुलणारे सुधारित वाण आहेत, पण अक्कांचा वाल होळीपर्यंत शेंगा देतो आणि त्याच्या सोलाण्याची उसळ या घरात सणाची. तोच ठेवायचा ठरला, फक्त जुलैच्या अखेरीस लावायचा. मांडव तोवर दोडक्याला मोकळा. वालाचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे बी राखायला सोपा. पहिल्यांदाच बी धरणाऱ्या घरानं वाल किंवा टोमॅटोपासून सुरुवात करावी, असं मी आवर्जून सांगतो.

त्याच दिवशी अक्कांनी वांग्याचं बी दिलं. कृष्णाकाठच्या काटेरी वांग्यांचं नाव मोठं आहे. त्यातलंच हे घरचं वाण, भरल्या वांग्याचं, देठावर बोटाला टोचणारे काटे असलेलं. प्रदर्शनातली तिन्ही वांगी वाईट नव्हती. एक तर फार देखणं होतं, आणि लेकीला ते सोडवेना. पण वांग्यात मधमाश्या-भुंग्यांमुळे काही प्रमाणात संकर होतोच. दोन वाणं शेजारी ठेवली असती तर पाच-सहा वर्षांत दोन्हींचा मूळ गुण गेला असता. देखणं वाण पुण्याच्या गच्चीत गेलं. तिथं ते एकटंच आहे, त्यामुळे लेक त्याचं बी धरू शकते.

भेंडीवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. गावठी भेंडीची चव सगळ्यांना आवडलेली, पण पावसाळ्यात ती केवड्याला बळी पडते हे डोळ्यांनी पाहिलेलं. मी परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' सुचवली. पुसा सावनी भेंडी आणि तिचा एक जंगली नातलग यांच्या संकरातून, पुढं पिढ्यान् पिढ्या निवड करून ती तयार झाली. केवड्याला ती पुष्कळ तोंड देते, आणि सरळ, म्हणजे बियातून तसंच झाड देणारं, वाण असल्यानं तिचं बी घरी धरता येतं. बाईंचा प्रश्न रास्त होता: ही देशी म्हणायची का? माझं मत, बी धरता येतं आणि आपल्या मातीत टिकतं, एवढं परसबागेला पुरेसं आहे. शुद्धतेच्या हट्टापायी रोगट भेंडी लावली तर घरातले लोक पुढच्या वर्षी बियाण्याचं नावच घेणार नाहीत.

राहिला दुधी. आबांना कडू भोपळा लावू नका म्हणून सांगावं, असं गुरुजींना वाटत होतं. मला ते पटलं नाही. तो भोपळाही वडिलोपार्जित वाणच आहे, आणि त्यावर गावच्या भजनाचे वीणे होतात. आबांशी बोलताना कळलं की त्यांच्याही फळांचा आकार गेल्या दोन वर्षांत बिघडला होता, काही लांबट आणि पातळ सालीची निघत होती. म्हणजे दुधीचा पराग तिकडेही जात होता. मग दोन्ही घरांनी मिळून मार्ग काढला.

## प्रत्यक्षात काय केलं

घरच्या बियाचे सगळे दुधी काढून टाकले, उरलेलं बीसुद्धा फेकलं. अक्कांच्या माहेराहून, लांबच्या गावातून, नवं बी आणलं. तिथं जवळपास कुणी कडू भोपळा लावत नाही, याची खात्री करून घेतली. वेल वाढल्यावर बियासाठी मोजकी फुलं निवडली. मादी फुलाखाली इवलासा दुधी असतो, नराचा देठ लांब आणि नुसता. संध्याकाळी उमलतील अशा दोन्ही कळ्या दुपारीच कागदी पिशवीत बांधून ठेवायच्या. तिन्हीसांजेला नराच्या पाकळ्या काढून परागकोश मादीवर फिरवायचा, पिशवी पुन्हा बांधायची आणि देठाला लाल दोरा. शक्यतो एका वेलाचा नर, दुसऱ्याची मादी. लाल दोऱ्याच्या फळाला कुणी हात लावायचा नाही. आबांनी त्यांच्याकडे हेच केलं, त्यांचा दोरा काळा.

स्वयंपाकघरातही एक नियम आला. प्रत्येक दुधीचा बारीक तुकडा कच्चा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि फळ फेकून द्यायचं. विकतच्या दुधीलाही हाच नियम.

वांग्याचं बी कुठल्या झाडाचं धरायचं, हे हंगामाच्या मध्यावर ठरवलं. बहुतेक घरी शेवटी उरलेलं जून वांगं बियाला ठेवतात. तसं केलं तर उशिरा आणि कमी फळणाऱ्या झाडाचं बी पुढं जातं. इथं चांगली, निरोगी चार झाडं निवडली आणि त्यांची सुरुवातीची, न किडलेली फळं पिवळी होईपर्यंत झाडावर ठेवली. गर पाण्यात चोळून तरंगणारं बी टाकलं, तळाचं सावलीत वाळवलं. पुढचं राखेचं काम अक्कांनी दाखवलं: चाळलेली कोरडी राख, पत्र्याचा डबा, झाकण घट्ट. गुरुजींनी त्यात चिठ्ठ्यांची भर घातली, पीक, कुणाकडून आलं आणि कुठल्या वर्षी धरलं. वांगी-दुधीचं नीट वाळवलेलं बी चार वर्षं सहज टिकतं. कांद्याचं मात्र वर्षभरातच कमजोर होतं.

## फळझाडांचा वेगळा हिशेब

भाजीत वाण म्हणजे बी, पण बहुतेक फळझाडांत वाण म्हणजे काडी, आईझाडाच्या फांदीपासून केलेलं कलम. हे बाईंना सुरुवातीला पटेना, कारण अक्कांच्या दारातल्या लाल गराच्या पेरूचं बी त्यांनी रुजत घातलेलं होतं. बियाच्या पेरूत आईझाडाचा गुण येईलच असं नाही. कधी उत्तमही निघतं. आज सर्वत्र लावला जाणारा 'सरदार' पेरू, म्हणजे लखनौ-४९, १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत अलाहाबाद सफेद्याच्या रोपांतूनच निवडला गेला. पण तिथं निवडायला पुष्कळ रोपं होती, इथं जागा एका झाडाची. म्हणून पावसाळ्यात अक्कांच्या झाडावरच गुटी कलम बांधलं, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळ्या फोडायच्या. दोन महिन्यांत मुळ्या फुटल्या.

कागदी लिंबू अपवाद. त्याच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात आणि बहुतेक आईझाडासारखी निघतात, म्हणून ते बियापासूनच लावलं. पपईच्या प्रत्येक खड्ड्यात तीन रोपं लावली. गावठी पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलल्याशिवाय ओळखता येत नाहीत. फुलं आल्यावर एक नर ठेवून बाकीचे काढले.

खरी घाई होती आंब्याची. शेताच्या बांधावर एक रायवळ आंबा होता, आंबट, कमी रेशांचा, घरात त्याला लोणच्या म्हणायचे. रस्ता रुंदीकरणात तो जाणार होता. लेक म्हणाली, कोयी लावू. पण रायवळाची कोय लावली तर लोणच्याच येईल याची खात्री नाही. त्यामुळे जुलैत, कोवळ्या तांबूस पानांच्या रोपांवर कोय कलमं बांधली. कोय कलमाचं हे तंत्र दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकणात घरोघर पोचवलं. काड्या जुन्या झाडाच्याच, डोळे फुगलेल्या. कलमं बांधायला अनुभवी माळी बोलावला, तरी निम्मीही जगली नाहीत, कारण ऐन वेळी पावसानं उघडीप दिली. जगलेल्यांपैकी एक परसात लावलं, एक अक्कांकडे, एक आबांकडे. मूळ झाड पुढच्या वर्षी पडलं.

## निष्पत्ती

पहिल्या वर्षीच्या वीसेक पुड्यांपैकी बागेत आज फक्त घोसाळं आणि एक टोमॅटो उरला आहे. त्यांच्या जोडीला अक्कांचा वाल, काटेरी वांगी, दोडका आणि अंबाडी, परभणीची भेंडी आणि नवा दुधी. लाल दोऱ्याच्या बियांतून आलेल्या दुधींत आतापर्यंत एकही कडू निघालेला नाही. गुरुजी रस पुन्हा घेऊ लागले आहेत, चव बघूनच. भेंडीला ऑगस्टमध्ये थोडा केवडा दिसला. रोगट झाडं लगेच उपटली, बाकीची तगली.

बी आता तीन घरांत विभागलेलं आहे. वांगं आणि वाल अक्कांकडेही आहेत, भेंडी आबांकडेही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क दिला आहे, त्यामुळे या देवाणघेवाणीला कुठलीच आडकाठी नाही. पेरूचं कलम फळलं, गर लालच आहे. आंब्याला अजून मोहर नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

अक्कांना पहिल्याच वर्षी विचारलं असतं तर वालाचं एक वर्ष वाचलं असतं. बाहेरचं बी आणण्याआधी भावकीत आणि गल्लीत कुणाकडे काय आहे हे बघावं. ते बी त्या पाण्याला, त्या हवेला सरावलेलं असतं. अकोले तालुक्याच्या डोंगरी पावसात जपलेलं वाण कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तसंच वागेल असं नाही.

न उगवलेल्या टोमॅटोचा प्रश्न घरबसल्या सुटला असता. पेरणीआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या की आठवडाभरात कळतं. पुडी घेताना गाव, महिना आणि वर्ष विचारायला हवं होतं. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर पुडी घेऊ नये.

दुधीचं बी एकाच फळाचं धरलं होतं, तेही कुंपणापलीकडे काय लावलंय हे न बघता. बी धरायच्या वर्षी पेरणीआधी चार-पाच घरं हिंडून कुणाच्या मांडवावर काय चढतंय हे पाहिलं असतं तर आबांचा भोपळा तेव्हाच दिसला असता. आणि आंब्याच्या काड्या दोन पावसाळ्यांत विभागून बांधायला हव्या होत्या. एकाच वर्षावर सगळं टाकल्यानं उघडीप महागात पडली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. अक्कांच्या मिरचीचं बी या घराला हवं आहे, पण शेजारी दरवर्षी ढोबळी आणि दुसऱ्या मिरच्या लावतात, आणि मिरचीत संकर सहज होतो. बियाच्या दोन झाडांवर फुलं यायच्या आधी मलमलीची जाळी घालायची, की मिरची अक्कांकडेच राहू देऊन दर वर्षी त्यांच्याकडून बी आणायचं, याचा निर्णय येत्या मृगाआधी घ्यायचा आहे. बाईंचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, माझाही. मात्र अक्कांच्या घरी बी राखणारं त्यांच्यानंतर कोण, हे आधी त्यांच्या सुनेशी बोलून घ्यावं लागेल.